आम्ही मृगयेस जातों

प्रवासाला निघालेल्या मनुष्याला त्याच्या प्रवासाचा हेतु विचारण्याची आपल्याकडे जुनी चाल आहे. काशीस निघालों असें सांगितलें म्हणजे विचारणारा हात जोडतो. मुलाकडे निघालों म्हटलें म्हणजे तो मुलाचा पगार विचारतो. आणि हवा पालटावयास निघालों म्हटलें तर तो स्वतःच्याच प्रकृतीची हकीकत सांगूं लागतो. परंतु कांहीं वर्षांपूर्वीं दिवाळी आटोपतांच "जर्मनीस शिकारीला निघालों आहों," असें उत्तर आम्हीं शेजाऱ्यांस दिलें, तेव्हां कोणी हात जोडले नाहींत, कीं कोणी पगारही विचारला नाहीं. ते नुसते आमच्या पोटाकडे व चष्म्याकडे आळीपाळीनें पाहत राहिले. घरांतून मिळालेला अभिप्राय अधिक स्पष्ट होता. "न्हाणीघरांत झुरळ निघालं तर मला हांक मारतां, आणि शिकारीला कसले निघालांत?" हा प्रश्न बिनतोड होता, व त्याचें उत्तर आम्हांस आजवर सुचलेलें नाहीं.

खरी गोष्ट अशी कीं, शिकारी आम्ही नव्हतोंच. शिकारी होते आमचे शाळासोबती बापू; आम्ही केवळ त्यांच्या बरोबरीचे प्रेक्षक. बापू आज पंचवीसांहून अधिक वर्षें जर्मनींत, कासेल शहराजवळच्या एका कारखान्यांत, यंत्रज्ञ म्हणून काम करीत आहेत. त्यांचे आजोबा कोल्हापूर दरबारच्या शिकारखान्यांत नोकरीस होते. त्या शिकारखान्यांत पाळलेले चित्ते असत. डोळे झांकून त्यांना गाडींतून माळावर नेत, आणि काळविटांचा कळप टप्प्यांत आला कीं डोळे उघडून चित्ता सोडीत. लहानपणीं बापूंच्या ओसरीवर बसून या गोष्टी आम्हीं इतक्या वेळां ऐकल्या आहेत कीं, तो माळ, ती गाडी आणि तो चित्ता आमच्याच डोळ्यांसमोरून गेला असें आम्हांस कित्येकदां वाटतें. पुढें चित्ताच या देशांतून नाहींसा झाला. १९५२ सालीं सरकारनें तसें जाहीर केलें. कोल्हापूरकरांच्या शिकारीचें दाजीपूरचें रान १९५८ सालीं अभयारण्य झालें. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें उरल्यासुरल्या शिकारीचीं कवाडेंही मिटत गेलीं. आजोबांची बंदूक सरकारजमा झाली. परंतु बंदूक जमा करतां येते, रक्तांतली ओढ जमा करतां येत नाहीं; ती परमुलखांत जाऊन पुन्हां उगवली.

बापूंनीं वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षीं तिकडील शिकाऱ्याची परीक्षा दिली. ही परीक्षा म्हणजे नेम मारून दाखविण्याचा खेळ असावा, अशी आमची समजूत होती. पण पशुपक्ष्यांची ओळख, त्यांचे रोग, रानाची निगा, बंदुकीची रचना, कुत्र्यांचें शिक्षण, मांसाची स्वच्छता आणि कायदा, इतक्या विषयांत लेखी, तोंडी व नेमबाजीची अशी तिहेरी कसोटी त्यांस द्यावी लागली. जर्मन लोक तिला थट्टेनें 'हिरवी मॅट्रिक' अशा अर्थाच्या नांवानें ओळखतात. ती उतरल्यापासून बापूंच्या पत्रांत रानाखेरीज विषय नसे, आणि आमच्या उत्तरांत उपदेशाखेरीज कांहीं नसे. शेवटीं त्या दिवाळींत आईस भेटावयास ते आले असतां म्हणाले, "तूं मला नेहमीं खाटीक म्हणतोस. एकदां चल, डोळ्यांनीं पाहा, आणि मग काय म्हणायचं तें म्हण." आम्ही निघालों.

विमानांत बापू शांतपणें झोंपले. आम्हांस मात्र झोंप नव्हती. आमच्या घराण्यांत कोणीं मांसाला शिवलेलें नाहीं, मग मारणें तर दूरच. शिकारीविषयींचें आमचें सर्व ज्ञान आजीच्या गोष्टींतून आलेलें. दशरथानें काळोखांत पाण्याच्या आवाजावर बाण सोडला आणि तो श्रावणाला लागला, ही गोष्ट आजी सांगे तेव्हां आम्ही रडत असूं. मोठेपणीं पुस्तकांची भर पडली. मनूनें राजांच्या अत्यंत घातक व्यसनांत मद्य, द्यूत यांच्या पंक्तीला मृगयेस बसविलें आहे. कालिदासाचें शाकुंतल सुरू होतें तेंच मुळीं आश्रमाचें हरीण मारूं नये म्हणून तापसांनीं दुष्यंताला हटकल्यापासून. अशोकानें आपल्या शिलालेखांत विहारयात्रांच्या जागीं धर्मयात्रा सुरू केल्याचें लिहून ठेविलें आहे. ही सारी शिदोरी बरोबर घेऊन आम्ही चाललों होतों. आणि खरें सांगावयाचें तर, ज्याचे हात स्वच्छ आहेत अशा माणसाला जें एक गुप्त समाधान असतें, तेंही त्या गांठोड्यांत होतें.

फ्रांकफुर्टला उतरून आगगाडीनें कासेल व तेथून मोटारीनें राइनहार्ट्सवाल्ड नांवाच्या अरण्याच्या कडेचें एक खेडें, असा आमचा प्रवास झाला. कासेल हें ग्रिम बंधूंचें गांव. त्यांच्या लोककथांतील रान जसें असावें तसेंच हें रान दिसतें: जुने ओक, बीचचीं गुळगुळीत करड्या सालीचीं झाडें, आणि खालीं गुडघाभर तांबूस पाला. परंतु टेकडीच्या एका अंगास स्प्रूसचीं झाडें उभ्या उभ्या वाळून गेलेलीं पाहिलीं तेव्हां आम्ही चपापलों. २०१८ पासून लागोपाठ पडलेलीं अवर्षणाचीं वर्षें आणि सालीखालीं राहणारा एक बारीक किडा, या दोघांनीं मिळून हा संहार केला, असें बापूंनीं सांगितलें. आतां तेथें नवीं रोपें लावावयाचीं, आणि रोपांचे कोंवळे शेंडे तर हरिणांचें आवडतें खाद्य. त्या हरिणांस खाणारा लांडगा जर्मनीनें फार पूर्वींच मारून संपविला. २००० सालापासून तो पूर्वेकडच्या भागांत पुन्हां पिलें देऊं लागला आहे, पण हरिणांच्या मानानें त्याची संख्या थोडी. भेकराएवढें एक लहान हरीण तिकडे आहे, त्यास 'रे' म्हणतात. वर्षाकांठीं दहा लाखांहून अधिक 'रे' त्या एका देशांत मारले जातात, तरी त्यांचा तुटवडा नाहीं. रानडुकरांनीं शेत उकरलें तर त्याची भरपाई बहुधा त्या रानाचा हक्क घेतलेल्या शिकाऱ्यास द्यावी लागते. आपल्याकडे ज्यांचें भात किंवा भुईमूग डुकरांनीं एका रात्रींत नांगरून टाकलें आहे त्यांस या कायद्याचा हेवा वाटेल. "लांडग्याला आम्ही मारलं, म्हणून लांडग्याचं काम आमच्याकडे आलं," बापू म्हणाले. आम्हीं मनांत म्हटलें, काम आलें खरें, पण लांडगा त्यासाठीं टोपींत पीस खोंवीत नाहीं.

शिकारीच्या दिवशीं पहाटे गारठा असा होता कीं, बोलतांना शब्दाआधीं वाफ बाहेर पडे. एका मोकळ्या जागीं मोठी धुनी पेटलेली, आणि तिच्याभोंवतीं चाळीसएक माणसें: वकील, सुतार, शेतकरी, दोन शाळामास्तरणी, एक दंतवैद्य. सर्वांच्या हिरव्या पोशाखावर भडक नारिंगी बंड्या, कारण माणसानें माणसाला हरीण समजूं नये. मग चार जणांनीं पितळी शिंगें तोंडास लाविलीं. आपल्या देवळांतील शिंगाची ललकारी ऐकलेल्या आम्हांस तो सूर परका वाटला नाहीं; अंगावर शहारा आला. शिंगाची प्रत्येक धून ठरलेली असते. एक स्वागताची, एक निघण्याची, एक बंदुका रिकाम्या करण्याची. आणि पडलेल्या प्रत्येक जातीच्या जनावरासाठीं निराळी.

धून थांबल्यावर नायकानें नियम सांगितले. गोळीच्या पाठीमागें माती दिसल्याखेरीज गोळी सोडावयाची नाहीं. हांकेकऱ्यांच्या दिशेस बंदूक वळवावयाची नाहीं. आधीं पिलूं, मग आई. पिलें मागें असलेल्या डुकरिणीस कोणीं हात लावावयाचा नाहीं. शेवटचा नियम त्यानें आवाज चढवून सांगितला: गोळी लागल्याची किंचितही शंका असेल तर ती जागा दाखवून द्यावयाची, तेथें माग काढणारें कुत्रें जाईल. बापू हलक्या आवाजांत आम्हांस अर्थ सांगत होते. त्यांच्या चेहऱ्यावर आम्हांस शाळेंतला बापू दिसला, कवायतीच्या दिवशीं पहिल्या रांगेंत उभा असलेला.

हांका करणाऱ्या लोकांत तरुण मुलेंमुलीच अधिक होत्या, आणि ते सर्व हौसेनें आलेले. पूर्वीं असें नव्हतें. सरदारांच्या शिकारीसाठीं कुळांना वेठीनें हांका करावा लागे, आणि स्वतःचें पीक खाणारें हरीणही त्यांस मारतां येत नसे. १८४८ च्या क्रांतींत दुसऱ्याच्या जमिनीवर शिकार करण्याचा सरदारांचा तो हक्क मोडला गेला. साहेबाच्या किंवा संस्थानिकाच्या हांक्यासाठीं आपल्याकडे गांवेंच्या गांवें वेठीला कशीं धरीत, हें ज्यांनीं वडीलधाऱ्यांकडून ऐकलें आहे त्यांस ही हकीकत परकी वाटणार नाहीं.

आम्हांस बापूंबरोबर एका ठेंगण्या लांकडी मचाणावर बसण्याची परवानगी मिळाली. तेथें पोंचेपर्यंत बापूंनीं आम्हांस शिकाऱ्यांची भाषा शिकविली, कारण ती चुकल्यास रात्रीं सर्वांस मद्य पाजावें लागतें. हरणाचे डोळे म्हणजे 'दिवे'. त्याचे कान म्हणजे 'ऐकणारे'. सशाचे कान 'चमचे', तर डुकराचे कान 'ताटल्या'. सशाची शेपटी म्हणजे 'फूल'. आणि रक्त? "रक्ताला घाम म्हणायचं," बापू म्हणाले. आम्हीं विचारलें, "का रे? रक्ताला रक्त म्हटलं तर हात थरथरतो म्हणून?" बापू हंसले नाहींत.

मचाणावर पहिला तास नुसता थंडींत गेला. दूरवर हांकेकऱ्यांचे आवाज, कुत्र्यांच्या गळ्यांतील घंटा, मधून एखादा बार. मग एकदम पाला खसखसला आणि डुकरांची रांग धावत गेली. बापूंनीं शेवटल्या पिलावर बंदूक धरली. तें जागच्या जागीं पडलें. सर्व इतक्या थोडक्या वेळांत झालें कीं, दया येण्यासही सवड मिळाली नाहीं. बापूंचे ओठ कांपत होते. त्यांनीं आमचा हात दाबला.

अर्ध्या तासानें ती आली. करड्या अंगाची, मागें पांढरा ठिपका असलेली एक तरुण हरिणी. धावत नव्हती, चार पावलें टाकी, थांबे, कान फिरवी. तिचे ते 'दिवे' आमच्या बाजूस वळले तेव्हां आमच्या मनांत आलें, बापू, राहूं दे. परंतु तोंडांतून शब्द निघाला नाहीं. बार झाला. हरिणीनें पाठीची कमान केली, जणूं कोणीं तिला पोटाखालून वर उचललें. मागचे पाय एकदां झाडले, आणि ती झुडपांत निघून गेली. पळाली नाहीं, निघून गेली.

बंदुकीच्या धक्क्यामुळें बापूंस तें नीट दिसलें नव्हतें. ते आमच्याकडे वळून म्हणाले, "चुकलों ना? तूं पाहिलंस ना? चुकलों ना रे?"

वाचकांनीं येथें क्षणभर थांबून आमच्या ठिकाणीं स्वतःस बसवून पाहावें. मित्राच्या आयुष्यांतील मोठ्या हौसेचा दिवस. त्याच्या प्रश्नांत उत्तर आधींच घातलेलें. आणि आम्ही परक्या मुलखांतले पाहुणे, शिकारींतलें ओ कीं ठो न कळणारे. आम्हीं जें पाहिलें त्याचा अर्थ आम्हांस नक्की ठाऊक नव्हता, हें खरें. पण कांहीं तरी पाहिलें होतें, हेंही खरें. आम्ही म्हणालों, "चुकलास."

हांका संपल्यावर बापूंनीं खालीं उतरून ती जागा पाहिली. पाल्यावर रक्त दिसलें नाहीं. नायकानें विचारलें तेव्हां त्यांनीं सांगितलें, दोन बार; एक डुकराचें पिलूं, दुसरा बार फुकट. शंका? नाहीं, माझ्या मित्रानेंही पाहिलें आहे. नायकानें आमच्याकडे पाहून मान हलविली. या भूतलावर आमची साक्ष इतक्या सहज कोणीं मानली नसेल.

दिवस मावळतांना सर्व जनावरें स्प्रूसच्या फांद्यांवर ओळीनें मांडलीं. आधीं मोठीं हरिणें, मग डुकरें, मग 'रे', शेवटीं कोल्हे. सर्व उजव्या कुशीवर. चारी कोंपऱ्यांस मशाली लाविल्या. प्रत्येकाच्या तोंडांत एक हिरवी डहाळी दिली होती. तिला 'शेवटचा घांस' म्हणतात. तें नांव ऐकतांच आमच्या मनांत तुळशीचें पान व गंगाजल उभें राहिलें, आणि घशाशीं कांहीं तरी दाटून आलें. जनावरांच्या ओळीवरून कोणीं पाऊल टाकून जावयाचें नाहीं, असा दंडक आहे. ज्यानें ज्याला मारलें त्याचें नांव पुकारून नायकानें टोपीवर ठेवलेली डहाळी पुढें केली आणि 'वाइडमान्सहाइल' म्हटलें. त्यानें 'वाइडमान्सडांक' म्हणून ती घेतली व आपल्या टोपीच्या उजव्या बाजूस खोंवली. बापूंनींही खोंवली. मग शिंगांनीं एकेका जातीची धून वाजविली. 'रे'ची धून वाजत होती तेव्हां जमिनीवर सहा 'रे' होते. आमचें लक्ष सातव्याच्या रिकाम्या जागेकडे होतें.

रात्रीं जेवणाच्या वेळीं आमच्या शेजारीं एक वृद्ध गृहस्थ बसले होते. जखमी जनावराचा माग काढणें हें त्यांचें चाळीस वर्षांचें व्रत; त्यांची तांबूस कुत्री टेबलाखालीं निजलेली. आमची चौकस मुद्रा पाहून ते मोडक्या इंग्रजींत समजावूं लागले. गोळी काळजांत लागली तर जनावर उंच उडी घेतें आणि जमिनीशीं वाकून भरधांव पळतें. वरून गेली तर तें नुसतें दचकतें. "आणि पोटांत लागली तर?" आम्हीं विचारलें. त्यांनीं आपले दोन्ही हात टेबलावर ठेवून पाठीची कमान केली. "असं. मागचे पाय झाडतं. मग हळूहळू निघून जातं. रक्त बाहेर येत नाहीं. मरायला वेळ लागतो."

ताटांतील बटाटा आमच्यानें गिळवेना. बापू पलीकडल्या टोंकास गाणें म्हणत होते. आम्ही त्यांस बाहेर बोलाविलें आणि दारांतील गारठ्यांत उभें राहून सर्व सांगितलें. बापूंनीं एकच प्रश्न विचारला, "तेव्हां का नाहीं बोललास?" आम्ही म्हणालों, "तुझा चेहरा पाहिला." बराच वेळ ते बोलले नाहींत. मग म्हणाले, "मीही तेंच ऐकायला तुला विचारलं. बोट ओढलं तेव्हांच कळलं होतं कीं बार मागें गेला. तूं पाहिलं नसतंस असं नाहीं. तूं बोलणार नाहींस, असं मला वाटलं." त्यांनीं टोपीवरील डहाळी काढून खिशांत ठेविली, आंत गेले, आणि नायकाच्या कानाशीं वाकून बोलले. नायकानें रागाचा एक शब्दही काढला नाहीं. त्यानें घड्याळाकडे पाहिलें व त्या वृद्धाकडे पाहिलें. काळोखांत, घोटभर का होईना, मद्य घेतलेल्या माणसांनीं बंदूक घेऊन जावयाचें नाहीं. सकाळीं सातला, असें ठरलें.

ती रात्र फार मोठी होती. खिडकीबाहेर चांदणें पडलें होतें आणि दंव गोठत होतें. अंगावर पिसांची रजई असतांही आम्हांस ऊब येईना. रानांतल्या त्या जिवाचा विचार मनांतून जाईना. दुसऱ्या खाटेवर बापूही जागेच होते. पण दोघांपैकीं कोणींही बोललें नाहीं.

सकाळीं सर्व रान दंवानें पांढरें झालेलें. वृद्ध गृहस्थ गुडघ्यांवर बसले, पाला एकेक पान करून उलटला, आणि चार आंखूड केंस व हिरवट चोथ्याचा एक कण बोटावर घेऊन बापूंस दाखविला. रक्ताचा एक थेंब काय तो होता. मग लांब चामडी दोरीवर कुत्री पुढें झाली. तिला घाई नव्हती. नाक जमिनीस लावून ती अशी चालली कीं, एखादा कारकून जुन्या वहींतील ओळ न ओळ वाचीत जातो. ओढा ओलांडला, वाळक्या स्प्रूसांतून गेलों, आणि सातआठशें पावलांवर एका मोठ्या मुळाशीं ती थांबली. तेथें पाला दबलेला होता. सभोंवार सर्व पांढरें, आणि मध्यें ताटाएवढी एक लांबट जागा कोरडी, दंव न पडलेली. वृद्धांनीं तेथें तळवा टेकला. "ऊब आहे," ते म्हणाले.

पुढचें थोडक्यांत सांगतों. कुत्री सोडली, झाडींत ती भुंकली, एक बार झाला. आम्ही पोंचलों तेव्हां हरिणी शांत पडली होती. वृद्धांनीं टोपी काढली. ओकची एक डहाळी मोडून तिच्या तोंडांत दिली, दुसरी बापूंच्या पुढें केली. बापूंनीं ती घेतली, तिचे दोन भाग केले, आणि अर्धी रीतीप्रमाणें वृद्धांस परत दिली. त्यांनीं ती कुत्रीच्या गळपट्ट्यांत अडकविली. वाइडमान्सहाइल हा शब्द उच्चारला गेला, पण इतका हलक्यानें कीं तो अभिनंदनाचा न वाटतां समाचाराचा वाटला. मांस खाण्याजोगें राहिलें नव्हतें. खड्डा खणून तिला पुरावी लागली. निघतांना आम्हीं वृद्धांस विचारलें, काल दुपारीं सांगितलें असतें तर? ते म्हणाले, "काल चार वाजतां आपण येथें असतों." एवढेंच. त्यांनीं हिशेब मांडून दिला नाहीं. तो आमचा आम्हांस मांडतां आला. दुपारीं चारपासून सकाळीं सातपर्यंत पंधरा तास. ते आमच्या खात्यावर जमा आहेत.

या विधींविषयीं आमचें मत काय झालें, असें वाचक विचारतील. शिंगें, मशाली आणि डहाळ्या यांनीं माणूस दयाळू होतो, असें आम्हांस वाटत नाहीं. जर्मनींतील १९३३ चा प्राणिरक्षणाचा कायदा व १९३४ चा शिकारीचा कायदा ज्या राजवटींत झाला, तिचा मुख्य मृगयाधिकारी गोअरिंग होता. हरिणाच्या सन्मानाचे नियम काटेकोरपणें लिहिणाऱ्या त्या राजवटीनें माणसांचें काय केलें, हें जगास ठाऊक आहे. रक्तास घाम म्हणण्याची संवय जडली म्हणजे कशासही कांहीं म्हणतां येतें. परंतु त्याच जुन्या रूढींत एक नियम असा आहे कीं, ज्याला गोंडस नांव देऊन चुकवितां येत नाहीं: तूं केलेल्या जखमेकडे तुला परत जावें लागेल, थंडींत, काळोख संपतांच, आणि चारचौघांसमोर. शिकाऱ्यांचा जो संत हुबर्टस, ज्याचा उत्सव ३ नोव्हेंबरला करतात, त्याच्या दंतकथेंतही हरिणाच्या शिंगांत क्रूस पाहून तो थांबला, येथूनच गोष्टीस अर्थ येतो.

आणि आमची अहिंसा? तिच्याविषयीं लिहितांना लेखणी अडखळते. आम्हीं कधीं कोणास मारलें नाहीं, हें आमचें भूषण होतें. पण त्या मचाणावर आमच्या अहिंसेनें केलें काय? तिनें बार होण्यापूर्वीं 'थांब' म्हटलें नाहीं, आणि बार झाल्यावर 'लागली' म्हटलें नाहीं. तिला आपले हात मळूं नयेत एवढीच काळजी होती. परत येतांना विमानांत आजीची गोष्ट पुन्हां आठवली, आणि साठी जवळ आल्यावर प्रथमच तिचा उत्तरार्ध आम्हांस ऐकूं आला. बाण लागल्याचें कळतांच दशरथ पळून गेला नाहीं. तो पाणवठ्यावर गेला, मरणाऱ्या मुलाचें ऐकून घेतलें, आणि पाण्याची घागर उचलून त्या आंधळ्या आईबापांसमोर जाऊन उभा राहिला. आजी ती घागर सांगतांना नेहमीं थांबे. आम्ही बाणासाठींच रडत असूं, म्हणून तें थांबणें आमच्या ध्यानांत आलें नव्हतें.

घरीं आलों तेव्हां शेजारी जमले होते. कोणी तरी हंसत विचारलें, "मग, किती मारलीं?" आम्ही म्हणालों, "एक." सर्व मोठ्यानें हंसले. आंतून चहाचे पेले घेऊन येणारी व्यक्ति मात्र दारांतच थबकली, आमच्या तोंडाकडे पाहत राहिली, आणि तिनें कांहीं विचारलें नाहीं.